सुमनावतीची जागा

कँडीच्या आसपास ज्याला हॉटेल काढायचं असे, तो जमिनीचे कागद हातात पडले की आधी मानेल तेन्नकोनला फोन करी. इमारत बांधणारे वेगळे असत. मानेलचं काम आतलं. खोलीत पाऊल टाकल्यावर तळव्याला काय लागावं, पलंगावर पडल्यावर डोळ्यांसमोर काय यावं, न्हाणीघरात उजेड कुठून उतरावा, हे ती ठरवी. वय चाळीस, लग्न केलेलं नाही, आवाज हळू, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची सवय नव्हती. तिच्या कामाची एक खूण होती. जागेवरचा खडक ती फोडू देत नसे, झाडाला हात लावू देत नसे, आणि तरीही पाहुण्याला कशाची उणीव भासत नसे. रानात निजल्यासारखं वाटलं पाहिजे, फक्त डास नकोत, असं ती हसून म्हणायची.

दुंबर डोंगरांच्या पायथ्याशी मिरी-वेलचीची एक जुनी बाग कोलंबोच्या जनित सेनविरत्नेनं विकत घेतली आणि तिथे बारा खोल्यांचं 'नीलदिय' उभं करायचं ठरवलं. मागून ओढा वाहत होता. चढावर हत्तीएवढे काळे खडक पसरले होते. एक खडक नेमका जिथे मुख्य दालन यायचं तिथेच होता. मानेलनं तो दालनात घेतला, त्याच्या कडेनं ओढ्याच्या पाण्याचा पाट काढला आणि वरच्या कौलांत एक फट ठेवली, म्हणजे दुपारचं ऊन खडकावर सरकत जाईल.

"मिस, आमच्या गावात घरात खडक निघाला तर माणूस कपाळाला हात लावतो," टिकिरी मामा म्हणाला. "तुम्ही त्याला दिवा लावताय."

टिकिरी मामा तिचा मुख्य मिस्त्री. पंधरा वर्षं तिच्याबरोबर काम करत होता. तोंडात पान, डोक्याला टॉवेल, आणि मिसच्या प्रत्येक नव्या कल्पनेवर एक टोमणा. पण भिंतीला त्याचा हात लागला की ती भिंत लोक कुरवाळून बघत.

खोल्यांच्या भिंती मातीच्या रंगाच्या झाल्या, फरशी घोटून घोटून आरशासारखी झाली, तांब्याची वॉशबेसिनं आली. उरली पलंगाच्या उशाची भिंत. तिथे मानेलला चटया हव्या होत्या, दुंबर खोऱ्यातल्या एकाच गावात विणतात त्या. घायपाताचा वाख काढून, रंगवून, जमिनीवरच्या मागावर विणलेल्या. लहानपणी आजोबांच्या घरी तिनं त्या पाहिल्या होत्या. लाल जमिनीवर काळे हत्ती, कडेला लाटा.

त्या गावात आता माग चालणारी चार-पाच घरंच उरली होती. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, सुमनावती.

सुमनावती सत्तरीची होती. किडकिडीत, पाठीत जराशी वाकलेली, पण मनगटं पुरुषासारखी. मानेल गेली तेव्हा ती अंगणात रंगासाठी पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे उकळत होती आणि हंड्यातलं पाणी रक्तासारखं लाल झालं होतं.

"बारा चटया लागतील, अम्मा. एकेक सहा फुटांची. पण एकीसारखी दुसरी नको."

"तशी होतच नाही," सुमनावती म्हणाली. "मी म्हटलं तरी होत नाही."

मानेल हसली. जवळीक दाखवायची म्हणून म्हणाली, "आमच्या आजोबांच्या घरी तुमच्याच गावच्या चटया असायच्या."

"कुठलं घर?"

"उडगमचं. तेन्नकोनांचं."

सुमनावतीनं हंड्यातलं लाकूड काठीनं खाली दाबलं. "ठाऊक आहे घर," ती म्हणाली, आणि वाख किती भिजवायचा ते सांगू लागली.

चटया व्हायला आठ महिने लागले. दर पंधरा दिवसांनी मानेल जाई. पायानं पातं दाबून घायपाताचं पान खरवडताना, हिरडा-बेहडा उकळून वाखावर काळा रंग चढवताना, लाकडी पट्टीनं धागा ठोकून बसवताना ती सुमनावतीकडे बघत बसे. मनात एकच गोष्ट घोळू लागली. हे सगळं पाहुण्यांना दिसायला हवं. चटई भिंतीवर लावली की तिच्यामागचे हात दिसेनासे होतात.

तिनं आराखडा काढला. दालनातल्या खडकाशेजारी, पाटाच्या वळणावर, जिथे उत्तरेचा उजेड दिवसभर राहत होता तिथे, एक छोटं वर्तुळ काढलं आणि त्यात लिहिलं, 'विणकर'. झाडं, वेली आणि पाणी दाखवायला ती हिरवी पेन्सिल वापरत असे. हे वर्तुळही तिनं त्याच पेन्सिलीनं काढलं.

सुमनावतीला विचारलं तेव्हा तिनं हातातला धागा आधी ठोकून बसवला. मग तिनं विचारलं, "उजेड कसा आहे तिथं?"

"उत्तम. सकाळी नऊपासून चारपर्यंत. उन्हाची तिरीपही येत नाही."

"माझ्या घरात दोन वाजले की काळा आणि गडद निळा वेगळा कळत नाही," सुमनावती म्हणाली. "येईन मी."

गाडी न्यायला-आणायला येईल असं ठरलं. मानेलला तिच्या गुडघ्यांची काळजी वाटत होती, म्हणून तिनं टिकिरी मामाकडून माग फूटभर उचलून घेतला. आता त्या उंचीला जुळेलसं बसायला काहीतरी हवं. दुकानातलं काहीच तिच्या मनास येईना. तेव्हा तिला आठवलं की आजोबांचं घर मोडलं तेव्हा वाट्याला आलेलं थोडं सामान वडिलांच्या गॅरेजमध्ये पडून आहे. तिथे तिला एक बुटकं स्टूल सापडलं. फणसाच्या लाकडाचं, वीतभर उंच, चार पायांवर कोरलेली कमळं, वापरून वापरून काळं-तांबूस झालेलं. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं तर लाकूड मधासारखं चमकलं.

वडील दारात येऊन उभे राहिले होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, मितभाषी.

"ते कशाला नेतेस?" त्यांनी विचारलं.

"हॉटेलसाठी, तात्ता. बघा किती सुंदर आहे."

ते क्षणभर स्टुलाकडे बघत राहिले आणि आत निघून गेले.

टिकिरी मामानंही ते पाहिलं. मागाजवळ ठेवताना तो थांबला. या खेपेला टोमणा आला नाही.

"मिस, हे इथं नको."

"का? उंची बरोबर आहे."

"उंचीचं नाही. दुसरं काहीतरी बघू. मी करून देतो एका दिवसात."

"मामा, याच्यासारखं लाकूड आता मिळतं का कुठे?"

"नाही मिळत," तो म्हणाला, आणि पान थुंकायला बाहेर गेला.

उद्‌घाटनाला नव्या मडक्यात दूध उतू जाऊ दिलं, समई लावली, दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या सगळ्यांना वाटल्या. दुसऱ्या दिवशी सुमनावती आली. पांढरी चोळी, धुतलेलं छिटाचं लुगडं, केसांना तेल. तिनं दालनभर नजर फिरवली, खडकावर हात ठेवून पाहिला. मग मागाकडे वळली आणि स्टूल पाहून थबकली. जरा वेळानं वाकून तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं.

"माग खाली घ्या," ती टिकिरी मामाला म्हणाली. "मी जमिनीवरच बसेन."

"गुडघे दुखतील, अम्मा," मानेल म्हणाली.

"गुडघ्यांना सवय आहे."

मानेलला वाटलं, केवढा साधेपणा. माग उतरवला. सुमनावती गोणपाट अंथरून बसली, पाय लांबवले आणि विणू लागली. रिकाम्या स्टुलावर संध्याकाळी कोणीतरी कमळांचं भांडं ठेवलं. ते इतकं शोभलं की मग तिथेच राहिलं.

हॉटेल चाललं. जर्मन आले, जपानी आले, कोलंबोचे डॉक्टर आले. खडकासमोरच्या वेताच्या मोठ्या खुर्च्यांत रेलून लोक चहा पीत आणि विणणाऱ्या म्हातारीकडे बघत. बरेच जण फोटो काढत. सुमनावती मान वर करत नसे. दोन महिन्यांनी कोलंबोच्या एका मासिकात 'नीलदिय'वर आठ पानं आली. पहिल्याच पानावर मोठा फोटो होता. खुर्चीत एक परदेशी बाई हातात पेला घेऊन बसलेली, खाली जमिनीवर सुमनावती, आणि मधे स्टुलावर कमळं. खाली ओळ होती: 'खडक, पाणी, वाख आणि हात. निसर्ग इथे ऐषारामाच्या शेजारी बसतो.' ती ओळ मानेलनं स्वतः मुलाखतीत उच्चारलेली होती.

मासिक बाजारात आलं त्याच आठवड्यात एका दुपारी मानेलच्या ऑफिसात एक बाई आली. पस्तिशीची, फिकट निळी साडी, खांद्याला वह्यांनी भरलेली पिशवी.

"मी निल्मिणी. मातले शहरातल्या शाळेत गणित शिकवते. सुमनावतीची मुलगी."

"अरे, या ना, बसा!" मानेल उठली. "अम्मा कधी बोलल्या नाहीत की..."

"अम्मा बोलत नाही. म्हणून मी आले." तिनं पिशवीतून मासिक काढलं आणि टेबलावर उघडून ठेवलं. ती बसली नव्हती. "आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे आलं. एक बाई म्हणाल्या, बघा टीचर, आपल्या भागातलं किती छान दाखवलंय. मी बघितलं तर माझी आई."

"तुम्हाला आवडलं नाही का?"

"हे स्टूल कुठलं, मिस?"

मानेलला प्रश्नाचा रोख कळेना. "आमच्या घरचं. माझ्या आजोबांचं."

"उडगमच्या घरचं."

"हो."

"ते कोणाला बसायला असायचं, माहीत आहे?"

मानेलनं नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या घरी कुंभार यायचे, परीट यायचे, ढोल वाजवणारे यायचे. त्यांना खुर्ची नाही. त्यांना हे. वीतभर. म्हणजे समोरच्यापेक्षा डोकं खाली राहावं. आणि आमच्या लोकांना तर हेही नाही. आम्ही वळचणीबाहेर उभं राहायचं." निल्मिणीचा आवाज वर्गात शिकवताना असेल तितकाच शांत होता. "माझे आजोबा, उक्कुवा, एकदा तुमच्या घरी लग्नाच्या चटया घेऊन गेले. अंगात ताप होता. उन्हात उभं राहवेना म्हणून ते या स्टुलावर बसले. तुमच्या आजोबांनी त्यांच्याकडून स्टूल धुऊन घेतलं, ओसरी धुऊन घेतली. चटया अंगणात फेकल्या. दोन महिन्यांचं काम होतं ते. पाणी आणायला बरोबर मुलगी होती, नऊ वर्षांची. ओढ्यावरून तिनं सात खेपा केल्या. आजोबा मरेपर्यंत ते सात मोजायचे."

बाहेर रस्त्यावर कुणी तरी रिक्षाला हाक मारत होतं. 

"मला माहीत नव्हतं," मानेल म्हणाली.

"नसेलच. तुम्हाला ते माहीत असायची गरज नव्हती." निल्मिणीनं मासिक मिटलं. "मी भांडायला आले नाही. आईला तुम्ही आवडता. म्हणते, मिस चांगली आहे, घाई करत नाही. पण तुम्ही भिंतीला माती लावलीत, पाणी आत आणलंत, खडक ठेवलात आणि त्यात माझी आई ठेवलीत. उद्यापासून ती येणार नाही. तिला मी सांगेन कसंतरी."

ती गेल्यावर मानेलनं 'नीलदिय'चा आराखडा काढून पसरला. बारा खोल्या, दालन, पाट. हिरव्या पेन्सिलीनं काढलेली ओढ्याकाठची कुंबुकची झाडं, हिरवी नेची, हिरवं पाणी. आणि त्यांच्यात हिरवं वर्तुळ. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. आपण काही वाईट मनात आणलं नव्हतं, हेच तिला सर्वांत जास्त लागलं. वाईट मनात न आणताही आपला हात बरोबर आजोबांच्याच खुणेवर जाऊन पडला होता.

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली. ते बागेत अँथुरियमच्या कुंड्यांना पाणी घालत होते.

"तात्ता, उक्कुवा नावाचा माणूस आठवतो? चटया घेऊन यायचा."

झारी त्यांच्या हातात तशीच राहिली. पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, ती भरून वाहू लागली.

"मी सात वर्षांचा होतो," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे खरं आहे."

"खरं आहे."

"मग मी स्टूल नेलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी झारी खाली ठेवली. "साठ वर्षांत कधी बोललो नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही. तू इतकी खुशीत होतीस. म्हटलं, लाकूडच तर आहे. कुणाला ठाऊक असणार?"

"तिला ठाऊक होतं, तात्ता. पाणी आणणारी मुलगी तीच. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं आणि मी म्हटलं, किती साधी बाई."

वडिलांनी चष्मा काढला, तो पुसला नाही, नुसताच हातात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मानेल हॉटेलात गेली. स्टूल उचलून गाडीत ठेवलं. टिकिरी मामा ओढ्याकडची पायरी दुरुस्त करत होता. तो हात पुसत आला.

"मामा, तुम्हाला माहीत होतं."

"इथल्याच भागातला माणूस मी, मिस. मला माहीत नसेल तर कोणाला?"

"सांगायचं होतंत."

"सांगितलं की. नको म्हटलं." तो जरा थांबला. "पुढचं सांगायला जीभ वळली नाही. तुमचं अन्न खातो, आणि तुमच्याच आजोबांची गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायची? ती बाई एवढी गप्प राहिली, मीही राहिलो. सगळेच राहिले." मग हळूच म्हणाला, "ते स्टूल मी फोडून देऊ का?"

"नको. ते माझ्या घरात राहू दे. मला दिसत राहील असं."

जनित दालनात चहा घेत होता. त्यानं रिकाम्या कोपऱ्याकडे हात केला. "अक्का, आपली म्हातारी आज आली नाही. लोक विचारतायत."

मानेलनं त्याला सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर त्यानं कप बाजूला सारला.

"वाईट झालं. खरंच वाईट. स्टूल काढलंस ते बरं केलंस. पण कोपरा का काढायचा? दुसरी विणकर बघू. तरुण बघू, खुशीनं येणारी. तिला चांगली खुर्ची दे."

"जनित, कोपराच चुकला माझा. माणूस शोभेला ठेवायचा नसतो."

"नाचणारे येतात, ढोल वाजवणारे येतात, स्वयंपाकी लोकांसमोर आप्पे करून दाखवतो. तेही शोभेलाच का?"

"त्यांचं त्यांना विचार. या कोपऱ्याचं मला ठाऊक आहे, मी काढलाय तो. तिथे नेची लाव, दिवा ठेव, रिकामा ठेव. माणूस नको."

"हॉटेल माझं आहे, अक्का," जनित म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण गोडवा गेला होता. "आणि समुद्राकाठचं दुसरं हॉटेलही मी तुलाच देणार होतो."

"ते दुसऱ्या कुणाला दे."

ती उठली. पुढे दीड महिन्यानं जनितनं तिथे एक तरुण मुलगी बसवलीच. तिला विणता येत नव्हतं, ती नुसता वाख पिळायची. मानेलनं आपल्या कामांच्या यादीतून 'नीलदिय' काढून टाकलं. त्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

त्या सकाळी मानेल हॉटेलातून निघाली ती थेट सुमनावतीच्या गावात गेली. सुमनावती ओसरीवर वाख विंचरत होती. तिनं मानेलला पाहिलं आणि आतून प्लास्टिकची लाल खुर्ची आणून ठेवली. मानेल खुर्चीकडे न वळता तिच्या पायाशी जमिनीवर बसू लागली.

"खाली बसू नका," सुमनावती एकदम कडक आवाजात म्हणाली.

"अम्मा, मला..."

"आमच्या घरी आलेल्या माणसाला आम्ही खुर्ची देतो. तुम्ही खाली बसलात तर माझ्या घराची अब्रू जाते. वर बसा."

मानेल खुर्चीवर बसली. येताना रचून आणलेलं सगळं बोलणं विसरली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते तिनं पुसलंही नाही. सुमनावती वाख विंचरत राहिली. मग म्हणाली, "निल्मिणी तापट आहे. गणितवाले तसेच असतात."

"तिनं बरोबर केलं. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"कळायला काय, कमळाची एक पाकळी उडालीय त्याची. धुताना माझ्याच हातून घागर आपटली होती."

"मग तरी येत का राहिलात?"

सुमनावतीनं फणी थांबवली. "उजेडासाठी. तुम्हाला सांगितलं होतं ना. माझी शेवटची चांगली वर्षं आहेत ही, डोळ्यांची. आणि..." ती किंचित हसली. "तुमच्या आजोबांच्या ओसरीवर मी फक्त धुवायला चढले. म्हटलं, त्यांच्या नातीच्या दालनात बसून बघू कसं वाटतं."

"कसं वाटलं?"

"लोक बघायचे. चहा पीत बघायचे." ती पुन्हा विंचरू लागली. "उजेड मात्र छान होता."

मानेलनं डोळे पुसले. "तो उजेड इथं आणता येईल, अम्मा. तुमच्या अंगणात. तुम्ही सांगाल तसा."

"निल्मिणीला विचारा. ती हो म्हणाली तर."

निल्मिणी लगेच हो म्हणाली नाही. तिनं तीन अटी घातल्या. जागेवर मानेलचं नाव नको, कुठल्या मासिकात फोटो नको, आणि काय कुठे असावं हे आई ठरवेल. मानेलनं तिन्ही मान्य केल्या. मग टिकिरी मामा दोरी आणि खुंट्या घेऊन आला आणि सुमनावती काठी टेकत अंगणात फिरू लागली.

"खिडकी इथं."

"अम्मा, इथं पश्चिमेचं ऊन येईल," मानेल म्हणाली.

"फणसाची सावली पडते दुपारनंतर. तुम्ही दुपारनंतर कधी आलात इथं?"

टिकिरी मामा टॉवेलनं तोंड झाकून हसला. "मिस, लिहून घ्या. मोठ्या वास्तुकार आल्यात."

मानेलनं लिहून घेतलं. छप्पर किती खाली उतरावं, पागोळ्या कुठे पडाव्यात, रंगाचे हंडे वाऱ्याच्या कोणत्या अंगाला, सगळं. पंधरा वर्षांत तिनं असं कुणाचं ऐकलं नव्हतं. खोली अगदी साधी झाली. मातीच्या भिंती, जुनी कौलं, उत्तरेला लांबच लांब आडवी खिडकी. भिंतीवर काही लावलं नाही. संध्याकाळचे पाच वाजले तरी तिथे काळा आणि गडद निळा वेगळा दिसे.

एका रविवारी वडील मानेलला म्हणाले, "मला तिथं घेऊन चल."

 गावात गाडी थांबली तरी ते बसून राहिले. मानेलनं दार उघडून धरलं. त्यांचे हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. अखेर ते उतरले आणि चप्पल काढून ओसरी चढले. सुमनावतीनं लाल खुर्ची पुढे केली, शेजारी तशीच दुसरी ठेवली आणि तीत स्वतः बसली. रविवार असल्यानं निल्मिणी घरी होती. ती दाराला टेकून उभी राहिली.

"मी तेन्नकोनांचा धाकटा," वडील म्हणाले. "मी त्या दिवशी तिथं होतो."

"ठाऊक आहे," सुमनावती म्हणाली. "खांबाआड. निळी चड्डी होती. तुम्ही रडत होता."

 वडिलांचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरू लागला.

"रडत होतो," ते म्हणाले. "पण बाहेर आलो नाही. आणि नंतरही... मोठा झालो, नोकरी केली, खुर्चीवर बसलो. आलो नाही."

 सुमनावतीनं क्षमा केली असं म्हटलं नाही, आणि जाऊ द्या असंही म्हटलं नाही. समोर फणसाच्या झाडावर माकडं उड्या मारत होती, ती बघत राहिली.

"माझे वडील वाट बघायचे," ती हळूच म्हणाली. "त्या घरातलं कुणीतरी एकदा येईल, असं त्यांना वाटायचं. मग ते गेले. आज कुणीतरी आलं, एवढं मी त्यांना सांगेन."

निल्मिणी आत गेली आणि कोरा चहा घेऊन आली, बशीत भेरली माडाच्या गुळाचे खडे. तिनं पहिला कप आईला दिला, दुसरा त्यांना. वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरला. दोघं म्हातारी माणसं गुळाचा खडा दातांत धरून चहा पीत राहिली. मधेच सुमनावतीनं विचारलं, पोस्टात किती वर्षं होता. त्यांनी सांगितलं. तिनं विचारलं, मातलेच्या पोस्टात तो लंगडा पोस्टमन होता त्याचं काय झालं. तो गेला, ते म्हणाले, पण त्याची मुलं चांगली निघाली. असं बरंच काही बोलणं झालं.

निघताना डोंगरावरून धुकं उतरू लागलं होतं. वडिलांनी चप्पल घातली, हात जोडले. सुमनावतीनंही जोडले. मग ती मानेलकडे वळली.

"पुढच्या वेळी यांना स्वेटर घालून आणा," ती म्हणाली. "इथं संध्याकाळी गार पडतं."